जुन्या जालन्यातली भट्टी: नाताळचा केक भाजून घ्यायचा असेल तर

डिसेंबर लागला की मला एकच प्रश्न येतो. कधी दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, कधी छत्रपती संभाजीनगरला राहायला गेलेली भाची विचारते: मावशी, केक तू अजून भट्टीतच भाजून आणतेस का? आणि ती भट्टी चालू आहे का? चालू आहे. यंदाही तिथूनच भाजून आणला. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. जरा लांबेल, कारण त्या भट्टीबद्दल लिहायचं तर २०२३ च्या नाताळबद्दल लिहावंच लागतं, आणि तो नाताळ मला दोन ओळींत सांगता येत नाही.

आधी ठिकाण. जुन्या जालन्यातल्या आतल्या गल्लीत आहे. रिक्षा तोंडापर्यंतच जाते, पुढं पायी. पाटी होती, ती धुरानं इतकी काळी पडली की आता वाचता येत नाही. नानकटाई कुठं भाजून मिळते म्हणून विचारा, पोरं आणून सोडतात. पुढं एक बाकडं, काचेच्या दोन-तीन बरण्यांत खारी आणि टोस्ट, आणि मागं भट्टी. विकायला फार काही नसतं. आपण घरून माल कालवून न्यायचा, ते भाजून देतात. ईदेला, दिवाळीला, लग्नसराईत नानकटाईची रांग असते आणि नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची. माझी आई भट्टीवाल्या चाचांच्या वडिलांकडून भाजून आणायची. मी चाचांकडून आणते. तीस वर्षं नर्स होते, त्यामुळं ते मला सिस्टरच म्हणतात.

भट्टी विटांची आहे, घुमटासारखी, तोंड लहान. दुपार कलली की आत बाभळीची लाकडं पेटवतात. दोन-अडीच तास जाळ चालतो. मग निखारे बाहेर ओढतात आणि लांब बांबूला बांधलेलं ओलं पोतं आतून फिरवतात. राख पुसली जाते आणि वाफेचा असा भपका येतो की पुढची माणसं दोन पावलं मागं सरतात. त्यानंतर आत जाळ नसतो. विटांनी पिऊन ठेवलेली धग असते, आणि ती रात्रभर हळूहळू उतरत जाते. सगळं कसब या उतरत्या धगीचं. पहिल्या कडक आचेवर पाव. पाव निघाले की नानकटाई. मग केक. आणि शेवटी जी मंद ऊब उरते तिच्यात पहाटेपर्यंत टोस्ट वाळतात. चाचांकडं थर्मामीटर नाही. चिमूटभर मैदा आतल्या फरशीवर टाकतात आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजतात. मैदा लगेच काळा पडला तर अजून पावाचीच वेळ. बदामी व्हायला वेळ लागला की हाक येते, ‘लाओ सिस्टर, अब तुम्हारा टाइम.’

माझं प्रमाण आईचंच आहे: एक किलो मैदा, एक किलो पिठीसाखर, एक किलो लोणी, वीस अंडी. काळ्या मनुका, खारीक, अक्रोड आणि मोसंबीची साल. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन मिळालंय ते आत्ता, आमच्याकडं साल पाकात मुरवून ठेवायची रीत आजीच्या काळापासूनची. मनुका मी मोसंबीच्याच रसात भिजवते, दारू घालत नाही. रंगासाठी साखर करपवायची. लोखंडी कढईत साखर काळी होऊन धूर सुटला की हात लांब धरून उकळतं पाणी ओतायचं. एवढ्या मालात चार साचे भरतात. साचे म्हणजे आईनं डालड्याचे पत्र्याचे डबे कापून करून घेतलेले. कडा आता मऊ झाल्यात, पण असा पत्रा हल्ली मिळत नाही. कोणता केक कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकीची वर एक खूण असते. कुणी बदाम लावतं, कुणी लवंगा. माझी खूण मधोमध एक अख्खी खारीक.

करोनाच्या वर्षी भट्टी बंद होती तेव्हा घरी ओव्हन आणला होता. केक वाईट झाला नाही. पण कडा कोरड्या आणि मधला भाग वेगळा. भट्टीत खालून, वरून, चारी अंगांनी सारखी धग लागते आणि ती उतरती असते, म्हणून केक आतपर्यंत एकसारखा होतो, मेवा तळाला बसत नाही. बाभळीच्या धुराचा अगदी पुसट वास कडेला राहतो. तो मला आवडतो. माझ्या जावेला आवडत नाही.

आता २०२३.

आमचा धाकटा मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन रूममध्ये. मराठवाड्यात टँकर म्हटलं की उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर. ‘टँकरवर लागला’ असं मी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी खऱ्या काळजीनं विचारलं होतं की कोणत्या गावाला पाणी नेतो. केमिकल टँकर आहे हो, समुद्रातला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अशा गल्लीत वाढलेलं पोरगं, चारी बाजूंनी पाणी बघत सहा-सहा महिने काढतं.

त्या वर्षी ७ ऑक्टोबरला इस्राएलमध्ये हल्ला झाला, माणसं मारली, ओलीस नेली, आणि गाझात युद्ध पेटलं. बातम्या बघून जीव तुटायचा, पण ते सगळं लांबचं होतं. मग १९ नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी, गाझाच्या बाजूनं म्हणून, तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज २५ खलाशांसकट धरून नेलं. त्या दिवशी युद्ध आमच्या स्वयंपाकघरात आलं. धाकट्याचं जहाज त्याच वाटेनं जायचं होतं. तिथं एक अरुंद सामुद्रधुनी आहे, बाब-अल-मंदेब. अरबीत त्याचा अर्थ अश्रूंचं दार. डिसेंबरच्या मध्यावर मोठमोठ्या कंपन्या आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला लागल्या. त्याचं जहाज वळलं की नाही, ते मात्र कळेना. २० तारखेला त्याचा मेसेज आला: ‘आई, थोडे दिवस नेट नसेल. काळजी करू नको.’ जहाजं कुठं आहेत ते दाखवणारं एक अ‍ॅप त्यानंच माझ्या मोबाइलवर घालून दिलं होतं. त्याच्या जहाजाचा बाण एका जागी थांबला तो थांबलाच. हल्ल्याच्या भीतीनं काही जहाजं ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवत होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी रात्री दोनला उठून तो बाण बघायचे.

२३ डिसेंबरला, शनिवारी, माझा भट्टीचा नंबर होता रात्री साडेनऊचा. संध्याकाळी लोणी आणि साखर फेटायला घेतली. अंडी फोडून झाली होती आणि टीव्हीवर खालून पट्टी गेली: गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर केमिकल टँकरवर ड्रोनहल्ला, जहाजाला आग, खलाशी बहुतेक भारतीय.

जहाजाचं नाव आमच्या कानावर पडेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हातात रवी तशीच होती. मग नाव आलं, केम प्लूटो. आमच्या पोराचं नव्हतं. ‘देवाचे उपकार’ असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला स्वतःची लाज वाटली. त्या जहाजावर २१ भारतीय होते आणि एक व्हिएतनामचा. त्यांच्याही आया कुठंतरी टीव्हीसमोर होत्या, आणि त्यांना ते नाव ऐकू येत होतं. सगळे वाचले. तटरक्षक दलाचं विक्रम हे जहाज सोबत गेलं आणि केम प्लूटो नाताळच्या दिवशी मुंबईला लागलं. पण हे नंतरचं. त्या रात्री काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, भट्टीवर जायचं नाही. कसला नाताळ आणि कसला केक. मिस्टर एसटीत कंडक्टर होते, फार बोलणारा माणूस नाही. म्हणाले, ‘वीस अंडी फोडलीस. चल.’ पातेलं त्यांनी स्कूटरवर पायांत धरलं, साचे माझ्या मांडीवर.

भट्टीवर पोचलो तर रांग होती. भोकरदनकडची एक बाई लेकीच्या लग्नाची नानकटाई भाजून घ्यायला आली होती, तीन मोठे पत्रे, सोबत दोन लहान नातवंडं पेंगत बसलेली. एक म्हातारे गृहस्थ टोस्टसाठी थांबलेले. चाचांचा नातू पोत्यांवर बसून मोबाइल बघत होता. गाझातला व्हिडिओ होता. एक माणूस पांढऱ्या कापडात काहीतरी छोटं छातीशी धरून चाललेला. तोवर तिथं वीस हजारांहून जास्त माणसं गेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगत होतं. चाचा म्हणाले, ‘बंद कर.’ पोरानं बंद केला. कुणी काही बोललं नाही. नानकटाईचे पत्रे आत सरकले.

मग चाचा माझ्याकडं वळले. ‘सिस्टर, आज आवाज नहीं?’ मी एरवी तिथं फार बोलते. मी सांगितलं. जहाज, बाण, पट्टी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ‘कुछ नहीं होता’ असं ते म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले नाहीत म्हणून मी आजही त्यांची ऋणी आहे. दवाखान्यात नातेवाइकांना हेच वाक्य मी हजार वेळा म्हटलंय आणि समोरच्याचा चेहरा कसा मिटतो ते पाहिलंय. चाचांनी विचारलं, ‘जहाज पे खाना कौन पकाता?’ मी म्हटलं, गोव्याचा कुक आहे. ‘हौ. फिर भूखा तो नहीं.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘आनेवाला कब था?’ मी म्हटलं, जानेवारीच्या शेवटी. त्यांनी बोटांवर मोजलं. ‘पाँच हफ्ते. एक साचा अलग रखो. वो आखिर में सेकेंगे. धीमी आँच पे. पाँच हफ्ते टिकना ना.’

माझे तीन साचे रोजच्या वेळेला आत गेले. चौथा त्यांनी बाजूला ठेवला. फेटलेलं मिश्रण फार थांबत नाही, बसतं. म्हणून त्यांनी तो गार फरशीवर ठेवला आणि वर ओलं फडकं टाकलं. भट्टी उतरायची वाट बघत आम्ही बसलो. टोस्ट आत जायच्या वेळेला, म्हणजे साडेअकराच्या पुढं, तो साचा आत गेला, अगदी तोंडाजवळ, सगळ्यात मंद धगीत. अडीच तास लागले. इतक्या सावकाश भाजला की केकमधलं पाणी उडतं, कवच जाड होतं आणि आतला मेव्याचा ओलावा तेवढा कोंडून राहतो. म्हणून तो टिकतो. हे मला त्या रात्री त्यांनी समजावून सांगितलं.

त्या अडीच तासांबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे सगळं लिहितेय. मी दोन आठवड्यांत सलग दहा मिनिटं एका जागी बसले नव्हते. तिथं बसले. भोकरदनच्या बाईचे पत्रे निघाले होते तरी ती गेली नाही. म्हणाली, ‘पोरं झोपलीत, उठवू कशाला. बसते तुमच्याजवळ, माय.’ तिचा पुतण्या सैन्यात होता, सीमेवर. तिनं गरम नानकटाई माझ्या हातावर ठेवली, हातात फुटली इतकी खुसखुशीत. टोस्टवाले गृहस्थ एकाहत्तरच्या लढाईतल्या काळोख्या रात्री सांगत होते, खिडक्यांना काळे कागद लावायचे ते. मिस्टर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मी मोबाइल पिशवीत टाकला होता आणि मला तो बाण आठवला नाही. भट्टीचं तोंड तेवढं लाल दिसत होतं. पाठीला विटांची ऊब लागत होती, बाहेर डिसेंबरची थंडी. पाच आठवड्यांनी माझा मुलगा हा केक खाणार आहे, असं धरून एक माणूस त्याची आच ठरवत होता. तोवर माझ्या आसपासचं प्रत्येक माणूस, मी धरून, मनातल्या मनात दुसऱ्याच गोष्टीची तयारी करत होतं.

केक झाला की नाही हे चाचा काडी घालून बघत नाहीत. साचा बाहेर ओढून कान लावतात. आत बारीक चुरचुर ऐकू येते, पावसाळ्यात कोरड्या पानावर थेंब पडावेत तशी. ती चालू असेल तर केक परत आत. दोन वेळा परत गेला. तिसऱ्यांदा त्यांनी मला बोलावलं, ‘सुनो.’ मी कान लावला. काही ऐकू आलं नाही. ‘चुप हो गया. बन गया.’

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या वर्षी नाताळआधीच्या आगमनकाळाचा चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी आली होती. पाळकसाहेबांनी सांगितलं की यंदा बेथलेहेमात झाड नाही, रोषणाई नाही, तिथल्या चर्चप्रमुखांनी मिळूनच ठरवलंय. तिथल्या लूथरन चर्चमध्ये बाळ येशूला गव्हाणीऐवजी फुटलेल्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवलंय. बेथलेहेमचा अर्थ भाकरीचं घर, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या पणजीचं माहेर बेथेलचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेली ती वस्ती, बेथेल म्हणजे देवाचं घर. पण भाकरीचं घर म्हणजे काय ते मला त्या सकाळी अंगाला धुराचा वास येत असताना कळलं. रात्री मी केस धुतले नव्हते. उपासनेत बसले तशीच.

२६ तारखेला दुपारी धाकट्याचा फोन आला. जहाज वळलं होतं. आफ्रिकेच्या बाजूनं चाललं होतं, म्हणूनच घरी येणंही थोडं लांबणार होतं, असं तो म्हणाला. (तसं ते फार लांबलं नाही.) मी विचारलं, नाताळला जेवलास काय? तर त्यानं मेसमधली गोष्ट सांगितली. सेकंड इंजिनिअर युक्रेनचा आणि इलेक्ट्रिशियन रशियाचा. दीड वर्षापासून दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. युक्रेननं त्याच वर्षी कायदा करून नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणला. म्हणून सेकंड इंजिनिअर पहिल्यांदाच २५ तारखेला टेबलावर येऊन बसला. रशियाच्या माणसाचा नाताळ अजून यायचा होता. तरी तो आला, त्याच्यासमोर बसला आणि स्वतःच्या ताटातला केकचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. बोलले काहीच नाहीत. ७ जानेवारीला सेकंड इंजिनिअरनं तसंच केलं. हे दुसरं त्यानं घरी आल्यावर सांगितलं.

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते १९१४ चं बोलले. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये नाताळला इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून वर आले, गाणी म्हटली, मेलेल्यांना मिळून पुरलं. आपल्या गढवाल रायफल्सचे जवानही त्या आघाडीवर होते आणि त्यांच्यासमोरही जर्मन खंदकातून बाहेर आले होते. युद्ध त्यानंतर चार वर्षं चाललं. पाळकसाहेबांनी तेही सांगितलं, लपवलं नाही.

३० डिसेंबरला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात धाकटा त्याच गाडीनं रात्री घरी आला. त्याच्यासाठी ठेवलेल्या चौथ्या केकचा डबा उघडला तेव्हा मी श्वास धरला होता. बुरशी नाही, वास नाही. कवच तपकिरी, थोडं कडक. सुरी घातली तर आतून लोण्यासारखी गेली. मोसंबीची साल पाच आठवड्यांत इतकी मुरली होती की बाकीच्या तीन केकांना ती चव आलीच नव्हती. आतला रंग एकसारखा गडद, खारीक विरघळल्यासारखी. तीस वर्षांत मी खाल्लेला सगळ्यात चांगला केक तो. आई आहे म्हणून म्हणत नाही, माझ्या जावेनंही मान्य केलं. त्याच आठवड्यात, २६ जानेवारीला, एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या जहाजाला क्षेपणास्त्र लागलं. त्यावर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमच्या नौसैनिकांनी जाऊन आग विझवायला मदत केली. धाकटा टीव्हीसमोर केकचा तुकडा हातात धरून बसला होता. बराच वेळ त्यानं तो खाल्ला नाही. मग खाल्ला आणि अजून एक मागितला.

भट्टीतले दोषही सांगायला पाहिजेत, नाहीतर कुणी जाईल आणि मला बोल लावेल. बायकांना बसायला नीट जागा नाही, एक बाकडं आणि बाकी पोती. स्वच्छतागृह नाही. धूर आहे. दम्याच्या माणसानं घरीच थांबावं, माल दुसऱ्याच्या हाती पाठवावा. फोनवर नंबर लावत नाहीत, स्वतः जावं लागतं. २०२४ च्या नाताळला नातवाच्या हातून माझा एक साचा कडक आचेत गेला आणि तळ अंगठ्याएवढा करपला. चाचांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, पण केक तो केकच, गेला. त्यांचे स्वतःचे क्रीमचे पेस्ट्रीकेक घेऊ नका, वनस्पती तुपाचा लेप टाळूला चिकटतो. टोस्ट आणि जिऱ्याची बिस्किटं मात्र जरूर घ्या. दर साचा ४० रुपये, नानकटाई किलोवर. लोणी पातळ करून नेऊ नका, फेटून न्या. साच्याला आतून कागद घरूनच लावून न्या, त्यांच्याकडं वर्तमानपत्राचा असतो. २४ तारखेला ते केक घेत नाहीत, सांगूनही लोक जातात आणि रागावून येतात. १५ डिसेंबरच्या आत जाऊन नंबर लावलात तर हवी ती वेळ मिळते. पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या करपलेल्या तळाचा.

यंदा, २०२५ ला, २१ डिसेंबरच्या रात्री गेले. धाकटा पुन्हा जहाजावर आहे. जुलैमध्ये हुथींनी तांबड्या समुद्रात चार दिवसांत दोन जहाजं बुडवली, माणसं गेली, तेव्हापासून तो बाण मी पुन्हा बघायला लागलेय. ऑक्टोबरमध्ये गाझात युद्धविराम झाला. ६ डिसेंबरला बेथलेहेमात दोन वर्षांनी झाड पेटलं, ते मी मोबाइलवर पाहिलं आणि जाऊन चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, नातवाला बोलावून दाखवलं. या वेळी कुणी ‘बंद कर’ म्हणालं नाही. युक्रेनमधलं अजून चालूच आहे. तो सेकंड इंजिनिअर आता दुसऱ्या जहाजावर गेलाय, पण नाताळला धाकट्याला मेसेज करतो.

चाचांचा हिशोब वहीत नसतो, भट्टीशेजारच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला असतो. नाताळ झाला की चुना मारतात. मी पैसे द्यायला गेले तेव्हा वाचलं. सिस्टर, ३. मी म्हटलं, चाचा, साचे चार आणलेत. त्यांनी मैद्याचा हात झटकला आणि भिंतीकडं बोट दाखवलं. तीनच्या खाली, बारीक अक्षरात, अजून एक लिहिलं होतं आणि त्याच्यापुढं महिना: फेब्रुवारी. ‘वो तुम्हारा थोडी है,’ म्हणाले. ‘लडका आके देगा पैसे.’

पहाटे दीडला तो साचा बाहेर निघाला. मी कान लावला, चुरचुर चालू होती. परत आत गेला.